अमेरिकेतली नवी गाडी कॅनडात नेताना

मिसिसागाकर

नमस्कार मंडळी.

न्यू जर्सीतून मिसिसागाला बिऱ्हाड हलवल्यापासून मला येणाऱ्या दर दुसऱ्या फोनवर एकच प्रश्न असतो: "गाडी नेलीत ना? कशी नेलीत?" एच-वन-बीवर ग्रीन कार्डची वाट बघून थकलेले आणि कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेतलेले आपले पुष्कळ लोक आहेत. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आमची गाडी निघण्याच्या थोडं आधीच घेतलेली, म्हणजे जवळजवळ कोरीच होती. विकली असती तर शोरूमबाहेर पडल्याबरोबर उतरते ती सगळी किंमत आमच्या खिशातून गेली असती. म्हणून न्यायचं ठरवलं.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सीमेवर दोन देशांची कस्टम्स खाती असतात आणि दोघांचे नियम स्वतंत्र आहेत. बहुतेक लोक कॅनडाच्या बाजूची जय्यत तयारी करतात आणि अडकतात अमेरिकेच्या बाजूला. आत यायची परवानगी सगळ्यांना आठवते, गाडी देशाबाहेर न्यायलाही परवानगी लागते हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

तर आधी अमेरिका. तिथल्या निर्यात नियमांत, विक्रेत्याकडून गाडीची मालकी एकदा ग्राहकाकडे गेली की ती 'वापरलेली' धरली जाते, मग मीटरवर दहाच मैल का असेनात. त्यामुळे "माझी तर नवी आहे" असं म्हणून सुटका नाही. रस्त्याने सीमा ओलांडायच्या किमान ७२ तास आधी तुमचे कागद सीमेवरच्या सीबीपीच्या (अमेरिकेच्या कस्टम्स खात्याच्या) निर्यात कचेरीत पोचलेले असायला हवेत. त्यात मूळ टायटल (मालकीचा दाखला) आणि त्याच्या दोन पूर्ण प्रती, पाठपोट. शिवाय एईएस या संगणक प्रणालीत निर्यातीची नोंद करून मिळणारा आयटीएन क्रमांक. एप्रिल २०१४ पासून ही नोंद अशा प्रत्येक गाडीला सक्तीची आहे, किंमत कितीही असो आणि गाडी कॅनडातच जात असली तरीही. नोंदीला ईआयएन, म्हणजे व्यवसायांना मिळणारा कर-क्रमांक लागतो, सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही. म्हणून हे एकच काम मी एजंटाला दिलं. बाकी सगळं आपलं आपण होतं. 'पूर्ण पॅकेज' म्हणून भरमसाट पैसे मागणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

गाडीवर कर्ज असेल तर सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. कर्ज देणाऱ्याचं लेटरहेडवरचं पत्र लागतं: ही गाडी देशाबाहेर न्यायला आमची हरकत नाही, गाडीचा व्हिन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळखक्रमांक) अमुक, चौकशीसाठी फोन अमुक. आमच्या बँकेने पत्र दिलं, पण त्यात व्हिनमधल्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप केला होता. नुसत्या डोळ्यांना फरक कळतही नाही. पण व्हिनच्या १७ खुणांमध्ये 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही तीन अक्षरं कधीच नसतात, नेमका हाच घोळ होऊ नये म्हणून. पत्र परत करून नवं मागवलं. कचेरीतल्या अधिकाऱ्याने डॅशबोर्डच्या काचेखालची पट्टी, दाराच्या चौकटीवरचं लेबल, टायटल आणि पत्र, चारही ठिकाणचा क्रमांक बोट ठेवून एकेक अक्षर जुळवला. ते जुनं पत्र घेऊन गेलो असतो तर तिथूनच परत फिरावं लागलं असतं. तुमच्याकडे येणारा प्रत्येक कागद असाच बोट ठेवून वाचा.

आता कॅनडा. इथलं काम बघणारी यंत्रणा आरआयव्ही, म्हणजे आयात गाड्यांची नोंदणी करणारं खातं. ते ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या वतीने चालतं. अमेरिकेतून कोणती गाडी आत येऊ शकते याची मॉडेलवार यादी ट्रान्सपोर्ट कॅनडा प्रसिद्ध करतं. १५ वर्षांपेक्षा नव्या गाडीला ही यादी लागू. तुमचं मॉडेल आणि वर्ष त्यात 'अग्राह्य' असेल तर विषय तिथेच संपला, कोणत्याही एजंटाला काही करता येत नाही. यादीत टिपाही असतात, त्या वाचायलाच हव्यात. इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारं यंत्र), दिवसा आपोआप लागणारे दिवे, मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडी, फ्रेंचमधलं एअरबॅगचं लेबल, किलोमीटर दाखवणारा मीटर, यांतलं काय आहे आणि काय बसवून घ्यावं लागेल ते तिथे कळतं. सप्टेंबर २०२१ नंतर बनलेल्या गाड्यांना आणखी एक अट आहे. पुढचे दिवे आणि डॅशबोर्ड उजळलेला आणि मागचे दिवे बंद, अशी गाडी अंधारात पळता कामा नये.

त्यानंतर उत्पादकाकडून रिकॉलचं पत्र: या व्हिनवर कोणतंही रिकॉल, म्हणजे दोष निघाल्याने दुरुस्तीसाठीचं बोलावणं, बाकी नाही. ते आधीच मागवा, सीमा ओलांडल्यावर धावपळ होते.

पीआर घेऊन पहिल्यांदा स्थायिक होणाऱ्यांना सामानावर करसवलत आहे आणि गाडी त्या सामानातच मोडते. अट अशी की येण्याआधी ती तुमच्या मालकीची, ताब्यात आणि वापरात असली पाहिजे. पण वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर नेहमीचं शुल्क आणि कर बसतात. उदाहरण म्हणून ४८,००० ची जपानमध्ये बनलेली गाडी धरा. १०,००० वजा, उरले ३८,०००. त्यावर ६.१ टक्के सीमाशुल्क २,३१८, एसीचा अबकारी कर १००, आणि या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी २,०२१. सुमारे साडेचार हजार डॉलर. हा आकडा घरी वहीत मांडून मगच न्यायची की विकायची ते ठरवा.

आणि ज्यांनी आधी एकदा येऊन पीआरचा शिक्का मारून घेतला आहे आणि सामान मागून आणणार आहेत, त्यांनी 'मागून येणाऱ्या सामानाच्या' यादीत गाडी व्हिनसकट लिहिलेली हवी. पहिल्या प्रवेशाच्या दिवशीच. याबद्दल मी मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगतो, कारण या एका ओळीवाचून सवलतीवर पाणी सोडलेलं कुटुंब मी जवळून पाहिलं आहे.

सीमेवर सीबीएसए (कॅनडाचं कस्टम्स खातं) 'फॉर्म १' भरून शिक्का मारून देतं. आरआयव्हीचं शुल्क ३२५ डॉलर अधिक कर. रिकॉलचं पत्र त्यांना पाठवलं की 'फॉर्म २' येतो, तो घेऊन ठरलेल्या केंद्रावर तपासणी. आमच्याकडे ती कॅनेडियन टायरमध्ये झाली. आयातीपासून ४५ दिवसांत दुरुस्त्या आणि तपासणी दोन्ही उरकायचं. मग प्रांताची सुरक्षा तपासणी, विमा आणि नंबरप्लेट.

विचारा काय विचारायचं ते. शक्य तेवढं उत्तर देईन.

शमा

किती दिवस अशा धाग्याची वाट बघत होते! दादा, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आहोत, पुढच्या उन्हाळ्यात निघतोय. आमची गाडी लीजवर आहे. लीज कंपनी म्हणते "बघू". नेता येईल का?

मिसिसागाकर

शमाताई, लीजवरची गाडी कंपनीच्या मालकीची असते. सवलतीची पहिलीच अट तुमची मालकी, त्यामुळे ते १०,००० मिळणार नाहीत. निर्यातीला कंपनीचं लेखी संमतीपत्र लागेल ते वेगळंच, आणि "बघू" याचा अर्थ बहुधा "नाही" असतो. न्यायचीच असेल तर आत्ताच बायआउट करा, म्हणजे उरलेली किंमत भरून गाडी विकत घ्या, टायटल तुमच्या नावावर येऊ द्या. टायटल हातात यायला कित्येक आठवडे जातात. उन्हाळ्यात निघायचं तर मोटर व्हेइकलच्या कचेरीत हेलपाटे या हिवाळ्यातच.

कॅलगरीवाला

छान लिहिलंय. माझा प्रश्न जरा वेगळा. मी इथे आठेक वर्षं आहे, म्हणजे ती सवलत मला नाही. मला हवं ते मॉडेल इथे लवकर मिळत नाहीये, मोंटानात उभं आहे. मोंटानात विक्रीकर नाही, अल्बर्टात प्रांतीय कर नाही. सरळ जाऊन नवीन गाडी उचलून आणावी म्हणतो. हिशेब जमतो का?

मिसिसागाकर

२०२५ च्या आधी विचारलं असतंत तर कागद काढून बसलो असतो. आता सगळ्यात आधी व्हिनची पहिली खूण बघा. १, ४, ५ किंवा ७ म्हणजे गाडी अमेरिकेत बनलेली, २ कॅनडा, ३ मेक्सिको, 'जे' जपान, 'के' कोरिया, 'डब्ल्यू' जर्मनी. ब्रँड कुठलाही असो, बघायचा तो कारखाना. एकाच नावाच्या गाडीचे दोन व्हिन दोन देशांतले असू शकतात. टोयोटाची रॅव्हफोर इथे ओंटारिओत बनली आणि जपानमध्येही. नाव तेच, सीमेवरची पावती वेगळी.

९ एप्रिल २०२५ पासून कॅनडाने अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. उत्तर अमेरिकी व्यापारकरारात बसणाऱ्या गाडीला ते फक्त कॅनडा-मेक्सिकोबाहेरच्या भागाच्या किमतीवर, न बसणाऱ्या गाडीला पूर्ण किमतीवर. पूर्ण किमतीवर बसलं तर ५०,००० च्या गाडीवर १२,५००, आणि जीएसटी लागतो तो हे शुल्क धरून वाढलेल्या रकमेवर. विक्रीकर वाचवून हे भरून निघत नाही. जपानमध्ये बनलेली गाडी असेल तर हे जादा शुल्क नाही, ६.१ टक्के आहे. मोंटानात उभ्या असलेल्या गाडीचा व्हिन मागवा आणि तो सांगून सीबीएसएकडून आकडा आधी घ्या. विक्रेता सांगतो त्या आकड्यावर विसंबून आगाऊ रक्कम देऊ नका.

मोठी एसयूव्ही असेल तर १०० किलोमीटरला १३ लिटर किंवा जास्त पिणाऱ्या गाड्यांवर १,००० ते ४,००० चा कर आहे, आणि एक लाखाच्या वरच्या गाडीला सप्टेंबर २०२२ पासून लक्झरी कर. ओंटारिओवाल्यांसाठी: सीमेवर फक्त ५ टक्के जीएसटी घेतात. उरलेले ८ टक्के सर्व्हिसओंटारिओत नंबर घेताना भरावे लागतात. सीमा पार झाली म्हणजे संपलं असं समजून पैसे खर्च करून बसू नका.

ब्रॅम्प्टनचे काका

२००७ मध्ये आम्ही हे सगळं केलं आहे, म्हणून लिहितो. त्या वर्षी २० सप्टेंबरला कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला, नोव्हेंबरात तर एक रुपया दहा पैसे म्हणावं तसा एक डॉलर दहा सेंटच्या वर गेला. पण इथल्या विक्रेत्यांच्या किमती जुन्याच दराने लावलेल्या. तीच गाडी, बफेलोत हजारो डॉलरनी स्वस्त. शनिवार-रविवारी आपले लोक गाडी बघायला पलीकडे जायचे. बँकेत, देवळात, मुलांच्या क्रिकेटच्या मैदानावर तोच विषय.

नेमका त्याच महिन्यात, १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या गाड्यांना इमोबिलायझरचा नियम लागू झाला. अमेरिकेत तो नियम नव्हता. त्यामुळे चांगल्या चांगल्या मॉडेलांसमोर यादीत 'अग्राह्य' आलं. लोकांनी आगाऊ रक्कम भरून ठेवलेली. मी मात्र आधी यादी छापून घेतली होती आणि ऑगस्टपूर्वी बनलेली गाडीच शोधली. बनल्याचा महिना दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर असतो, तो आजही बघावा. 'मॉडेलचं वर्ष' आणि 'बनल्याचा महिना' या वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियम महिन्यावर चालतात.

आज कॅनेडियन डॉलर पाऊण डॉलरच्याही खाली आहे. केवळ स्वस्त म्हणून पलीकडे जायचे दिवस आता नाहीत. बिऱ्हाडासोबत आपली गाडी आणणाऱ्यांचं गणित निराळं, ते मिसिसागाकरांनी नीट मांडलं आहे.

निळाई

मी डेट्रॉइटजवळ एका विक्रेत्याकडे फायनान्सच्या टेबलावर काम करते. टेबलाच्या अलीकडची बाजू सांगते.

तुम्ही कॅनडातला पत्ता दिलात की बरेच विक्रेते नवीन गाडी द्यायला नकार देतात. त्यात वैयक्तिक काही नसतं. कित्येक उत्पादकांचा विक्रेत्यांशी करार असतो की नवीन गाडी निर्यातीसाठी विकायची नाही. ठरावीक काळात गाडी देशाबाहेर नोंदली गेल्याचं उघड झालं तर उत्पादक विक्रेत्याचा प्रोत्साहन-निधी परत घेतो, वर दंड लावतो. म्हणून विक्रेता तुमच्याकडून 'निर्यात करणार नाही' असा कागद सही करून घेतो. तो कागद कर्जाच्या जाडजूड गठ्ठ्यात मध्येच असतो. पुढे स्थलांतराचा विचार असेल तर सही करण्याआधी तो शोधून वाचा आणि त्याची मुदत किती ते विचारा. कोणी म्हणेल "कॅनडाचं सांगूच नका". तसं करू नका. तुमच्या सहीच्या कागदावर दंडाची रक्कम लिहिलेली असते आणि ती वसूल केली जाते.

दुसरं वॉरंटीचं. काही उत्पादक सीमेपलीकडे वॉरंटी पूर्ण मानतात, काही सुरुवातीचे काही महिने किंवा मैल झाल्यावरच, काही अजिबात नाही. हे तोंडी विचारून उपयोग नाही. उत्पादकाच्या कॅनडातल्या ग्राहकसेवेला ईमेल करा, व्हिन द्या आणि उत्तर जपून ठेवा. नव्या गाडीची निम्मी किंमत मला तरी वॉरंटीतच दिसते.

मिसिसागाकर

निळाईताई, हे मूळ लेखात यायलाच हवं होतं. फार मोलाचं लिहिलंत. आम्ही ईमेलने विचारलं होतं आणि पुढे सेवाकेंद्रात तोच ईमेल दाखवून काम झालं.

अनुस्वार

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. इतकी चांगली गाडी आहे तर पुढेमागे पुण्याला परतताना तीच नेता येईल का? धाकट्या भावाचा फार आग्रह आहे.

बंदरकाठ

मी पनवेलचा, न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या कामात आयुष्य गेलं. उत्तर देतो.

अमेरिका-कॅनडातली गाडी डाव्या स्टिअरिंगची. भारतात उजव्या स्टिअरिंगचीच चारचाकी चालते, नवी असो वा वापरलेली. हेडलाइटचा झोतही डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा लागतो. तिथेच विषय संपतो. इंग्लंड, सिंगापूर, जपानमधून येणाऱ्यांनाही वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येते. परत येणाऱ्यांना घरसामानावर जी सवलत मिळते ती गाडीला नाही.

शुल्काचं म्हणाल तर ४०,००० अमेरिकन डॉलरच्या वरच्या नव्या गाडीला ७० टक्के मूळ शुल्क आणि ४० टक्के कृषी अधिभार, मिळून ११० टक्के. वापरलेलीला त्याहून जास्त. या एकूण रकमेवर जीएसटी, मोठ्या गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे १०० रुपयांची गाडी शुल्कानंतर २१० आणि जीएसटीनंतर २९४. वर भाडं, विमा, बंदराचा खर्च, आरटीओचा रोड टॅक्स. सचिन तेंडुलकरला ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल फेरारी भेट मिळाली तेव्हा शुल्कच १ कोटी १३ लाख निघालं होतं. सरकारने माफी दिली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी फियाटने ते भरलं.

बंदरात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. माणूस परदेशातून हौसेने पाठवतो, आकडा कळल्यावर सोडवायला येत नाही. रोज डिटेन्शन (वेळेत न सोडवल्याचा आकार) चढत जातं. भावाला सांगा, त्या पैशात इथे दोन चांगल्या गाड्या येतील.

अनुस्वार

धन्यवाद काका. भावाला हाच प्रतिसाद पाठवला.

शमा

दादा, लीज कंपनीशी बोलले, बायआउटचे कागद मागवलेत. शेवटचे दोन प्रश्न. कोणत्या पुलावरून जावं? आणि जर्सीच्या नंबरप्लेटचं काय करायचं?

मिसिसागाकर

तुम्हाला एडिसनहून बफेलोचा पीस ब्रिज किंवा त्याच्या उत्तरेचा लुइस्टन-क्वीन्स्टन सोयीचा. पण कागद ज्या कचेरीत दिले, गाडी तिथूनच बाहेर काढावी लागते, ऐन वेळी दुसरा पूल धरता येत नाही. निर्यात कचेऱ्या बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवशी दिवसाच उघड्या असतात, पूल मात्र चोवीस तास चालू. त्यामुळे शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पोचायचा बेत करू नका. आधी त्या कचेरीला फोन करून वेळ आणि कागद कसे पाठवायचे ते विचारा, प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी आहे. मंगळवार-बुधवारची सकाळ धरा, कागदात काही निघालं तर दुरुस्तीला आठवड्याचे दिवस हाताशी राहतात.

नंबरप्लेट ओंटारिओची नवी मिळेपर्यंत काढू नका. नंतर जर्सीच्या मोटर व्हेइकल खात्याला पोस्टाने परत करा, पावती घ्या, आणि जर्सीचा विमा त्यानंतरच बंद करा. क्रम उलटा झाला तर विम्याशिवाय गाडी ठेवल्याची नोटीस येते. आणि विमा कंपनीकडून तुमच्या आजवरच्या दाव्यांचं अनुभवपत्र निघण्याआधीच घेऊन ठेवा. ते नसेल तर इथे नवशिक्या चालकाचा हप्ता लावतात, आणि ओंटारिओत तो फार जड जातो. घरात दोघं गाडी चालवत असाल तर दुसऱ्याच्या नावाने वेगळं पत्र लागेल, दोघांचं एकत्र चालत नाही.